बाळाच्या पिशवीतली धपाटी

सात महिन्यांच्या पोरीला घेऊन कुणी पाळण्यात बसायला एवढ्या लांब जातं का, असं माझी आई फोनवर म्हणाली होती. "घरात पाळणा हाय की तिला." मी हसले होते. खरं तर पार्कात जायचं होतं ते मलाच. बाळंतपणाची रजा वाढवून वाढवून घेतली होती, आणि आता तिचेही बारा दिवसच उरले होते. मिरजेच्या एका दवाखान्यात मी काउंटरला बसते. केसपेपर काढायचे, नंबर लावायचे, 'डॉक्टर कधी येणार' या प्रश्नाला दिवसभर उत्तरं द्यायची, हे माझं काम. ते परत सुरू व्हायच्या आत, माधवनगरच्या आमच्या दोन खोल्यांतून, वाळत घातलेल्या दुपट्यांच्या खालून, एकदा कुठंतरी बाहेर पडावं असं मला फार वाटत होतं. साताऱ्याच्या अलीकडे हायवेला नवीन पार्क झालंय, हे नवऱ्याच्या मोबाइलवर दिसलं आणि मी हट्टच धरला.

नवरा एमआयडीसीत कामाला आहे. त्यानं सुट्टीच्या दिवशी मित्राची व्हॅन मागून ठेवली. सासूबाईंनाही न्यायचं ठरलं. त्या पलूसकडच्या. सासरे गेल्यापासून लग्नकार्य सोडलं तर कुठं गेल्या नव्हत्या.

आदल्या दिवशी तिकिटं काढताना खाली नियम वाचले. बाहेरचं खाणं आत आणायचं नाही. तान्ह्या बाळाचं चालेल.

"मग तिथंच खाऊ काहीतरी," नवरा म्हणाला.

"मी काय खाऊ तिथलं? पाव?" सासूबाई म्हणाल्या. त्यांना शुगर आहे. "मला बाराच्या आत चार घास लागत्यात. तुमी जावा, मी ऱ्हाते घरी."

तेव्हा मी म्हणाले, "आई, तुम्ही करा धपाटी. बाळाच्या पिशवीला कोण हात लावतंय?"

हे वाक्य मला माझ्याच आवाजात अजून ऐकू येतं. आपण किती हुशार, असं वाटलं होतं म्हणताना. सकाळी सासूबाईंनी चांगली पंधरा-सोळा धपाटी थापली, लसूण घालून शेंगदाण्याची चटणी कुटली, दही छोट्या डब्यात भरलं. ते सगळं मी पिशवीच्या तळाशी घातलं. त्यावर दुपटी, लंगोट, नाचणीच्या सत्त्वाचा डबा, थर्मास. आणि सगळ्यात वर, निघता निघता पोरीनं ओलं केलेलं लंगोट एका प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलं. मुद्दाम. म्हणजे तपासणाऱ्याला किळस येईल आणि तो पुढं हात घालणार नाही.

पोरगी कऱ्हाडपर्यंत झोपली. सासूबाई खिडकीतून ऊस बघत, कुणाचा तुटला, कुणाचा राहिला, ते सांगत होत्या. मी खूश होते.

गेटवर बायकांची रांग वेगळी होती. तपासायला एक बाई उभी होती, फार तर पंचवीसची. निळा शर्ट, मापाला मोठी झालेली पँट, मंगळसूत्र कॉलरच्या आत सारलेलं. तिनं माझी पिशवी टेबलावर घेतली. वरची गाठ मारलेली पिशवी उचलून, नाक न मुरडता, शेजारी ठेवली. लंगोट बाजूला केले आणि हात तळाशी घातला. डबा अजून गरम होता. तिचा हात तिथं थांबला, आणि तिनं माझ्याकडं बघितलं.

"बाळाचं आहे," मी म्हणाले.

चार गडी जेवतील एवढा तो डबा. तेवढ्यात पोरीनं माझ्या कडेवरून वाकून तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राची पट्टी धरली आणि तोंडात घालायला लागली. ती हसली.

"किती म्हयन्याची हाय?"

"सात."

"माजा धा म्हयन्याचा." पट्टी सोडवून घेत तिनं मागं उभ्या असलेल्या दुसऱ्या गार्डला मोठ्यानं सांगितलं, "बाळाचंच हाय, सोडा." मग पिशवी माझ्या हातात देताना हळूच म्हणाली, "ताई, कोपऱ्यात बसून खावा. आन् मावशींना उनात लय फिरवू नका."

आत गेल्यावर तासाभरात कळलं, की माझी आई फोनवर म्हणाली तेच खरं होतं. डायनासोरनं मान हलवून आवाज काढला आणि पोरीनं जो टाहो फोडला तो थांबेना. नवरा म्हणाला, आपण आळीपाळीनं बसू. तो उंच पाळण्यात बसून आला. माझी पाळी आली तेव्हा पोरगी माझ्या गळ्याला अशी चिकटली, की सोडवता येईना. छोट्या आगगाडीच्या रांगेत उभे राहिलो तर मागची एक बाई म्हणाली, "कशाला आणतात एवढी लहान मुलं?" ती आपल्या नवऱ्याला सांगत होती, पण आम्हाला ऐकू जावं असंच. मी रांग सोडली. पाजायला बसावं तर सगळीकडं गाणी लावलेली. पोरगी तोंड लावायची आणि दचकून सोडायची. माझा ब्लाउज भिजला होता. पदर कितीही ओढला तरी सगळे आपल्याकडंच बघतायत असं वाटत होतं.

"ताई, हिकडं या."

गेटवरचीच ती. तिची ड्युटी बदलून आत लागली होती, हातात एक रजिस्टर होतं. तिनं आम्हाला प्रथमोपचाराच्या खोलीमागं नेलं. फरशी पुसायचे दांडे ठेवलेली अरुंद खोली, पण पंखा होता आणि गाण्यांचा आवाज कमी होता. तिनं प्लॅस्टिकची खुर्ची पुसून दिली. सासूबाईंना दारात पायरीवर बसवलं आणि आमच्याकडं पाठ करून स्वतः दारात उभी राहिली. पोरगी आणखी पाच मिनिटं रडली, मग प्यायला लागली.

पोरगी शांत झाल्यावर ती बाई वळली. रजिस्टर तिनं छातीशी घट्ट धरलं होतं. तरी कडेनं शर्ट ओला झालेला दिसत होता.

"दुसऱ्याचं रडलं तरी येतंय बगा," ती ओशाळून म्हणाली.

"किती वाजता निघता घरातून?"

"सातला पाजून निघते. संध्याकाळी सा वाजत्यात घरी जायला. सासू बघती."

"राहतो का तो?" मी विचारलं. बारा दिवसांनी मलाही हेच करायचं होतं, आणि घरात मी ते कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

"ऱ्हातोय की. पयले आठ दिस लय आवघड जात्यात. मग हुतंय सवयीचं. तुमचं बी हुईल." मग म्हणाली, "हितं सांगू नका हां ताई कुणाला. बाळ हाय म्हटल्यावर लगीच म्हणत्यात, हिचं लक्ष न्हाई कामात."

त्या सात महिन्यांत मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. मी तिचं नावसुद्धा विचारलं नाही.

साडेबारा वाजून गेले तेव्हा सासूबाईंना घेऊन आम्ही जेवायला जागा बघितली. खाण्याच्या स्टॉलच्या मागं एक झाड होतं. कोपराच म्हणायचा, पण स्टॉलसमोरच्या टेबलांवरून सरळ दिसणारा. सासूबाईंनी जुन्या लुगड्याचा तुकडा अंथरला, मांडी घातली आणि डबा उघडला. लसणाच्या चटणीचा वास सुटला. नवरा लांब उभा होता, त्याला त्यांनी शेतात हाक मारावी तशी हाक मारली, "ये रं, मऊ हाईत तवर!"

टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. पांढऱ्या पँटी घातलेल्या दोन मुली एकमेकींशी काहीतरी बोलून हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अंथरलेलं लुगडं, सासूबाईंची मांडी, माझा डाग पडलेला ब्लाउज, हे सगळं एकदम दिसायला लागलं. पटकन खाऊन उठू, एवढंच मनात होतं.

तेवढ्यात पार्कचा सुपरवायझर आला. तिशीचा, हातात वॉकीटॉकी, बोलणं अगदी सभ्य.

"मॅडम, बाहेरचं खाणं अलाऊड नाही. गेटवर चेकिंग झालं नाही का?"

त्या दोन मुलींतल्या एकीनं मोबाइल वर धरला. आमचाच फोटो काढतेय, असं मला वाटलं. कदाचित ती स्वतःचाही काढत असेल. नवरा धपाट्याचा घास हातात धरून गप्प उभा. बोलायला मीच उरले होते. 'आम्ही लपवून आणलं' एवढं म्हणायचं होतं. फार तर डबा काढून घेतला असता, किंवा गाडीत नेऊन खा म्हटलं असतं.

मी म्हणाले, "गेटवर बघितलंय की. त्या बाईंनीच सांगितलं, कोपऱ्यात बसून खा म्हणून."

"कुठल्या बाई? तीन आहेत तिथं."

"त्या... ज्यांना लहान बाळ आहे."

तोंडातून शब्द गेला आणि मला कळलं. पण गेलेला शब्द मी मागं घेतला नाही. तो वॉकीटॉकीवर बोलला. ती जवळजवळ पळतच आली, रजिस्टर हातात तसंच. तिनं डब्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी पोरीची टोपी नीट करायला लागले. टोपी नीटच होती.

"हे तू सोडलंस?"

"व्हय साहेब."

"पिशवी उघडली नव्हतीस?"

"उघडली हुती."

"मग?"

"चुकलं साहेब."

"आणि तुला लहान मूल आहे, हे जॉइन होताना का सांगितलं नाहीस?"

तेव्हा सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठायला लागल्या. "आवं सायेब, तिचा काय दोष न्हाई. आमीच लपवून..."

"आई, तुम्ही गप्प बसा," मी म्हणाले, आणि त्यांचा हात धरून खाली ओढला. सासूबाईंवर मी त्याआधी कधी आवाज चढवला नव्हता.

साहेब माझ्याकडं वळून म्हणाला, "सॉरी मॅडम, तुमची काही चूक नाही. आता आणलंय तर खाऊन घ्या." आणि तिला म्हणाला, "तू चल ऑफिसात." ती त्याच्या पुढून चालत गेली.

सासूबाईंनी डबा बंद केला.

"आई, खाऊन घ्या. शुगर आहे तुम्हाला."

"गिळवत न्हाई."

नवरा म्हणाला, "अगं, दोन शब्द बोलतील आणि सोडतील. त्यांचं रोजचंच असतंय." मी पोरीला घेऊन ऑफिसकडं गेले. खरंच सांगायला गेले होते. काचेच्या दारातून ती दिसली. मान खाली घालून टेबलासमोर उभी होती, आणि तो काहीतरी लिहीत होता. बाहेरच्या शिपायानं विचारलं, "काय पायजे मॅडम?"

"टॉयलेट कुठं आहे?" मी विचारलं.

त्यानं हात केला त्या दिशेला मी निघून गेले.

दोन वाजता सासूबाईंचे हात कापायला लागले. नवऱ्यानं पळत जाऊन बिस्किटं आणली, ती त्यांनी पाण्यात बुडवून खाल्ली. त्यानंतर पाळण्यात कुणीच बसलं नाही. बाहेर पडताना गेटवर वेगळी बाई होती. व्हॅनमध्ये, कऱ्हाड मागं पडल्यावर सासूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "त्या पोरीच्या अंगावर दूध हुतं."

"हो," मी म्हणाले.

रजा संपली. पहिले आठ दिवस फार अवघड गेले, मग झालं सवयीचं. पार्कातल्या फोटोत आम्ही तिघं डायनासोरपुढं उभे आहोत, तो नातेवाइकांनी बघितला की मी दुसऱ्या कामाला लागायची. कुणी विचारलं तर 'छान आहे, पण बाळाला घेऊन नका जाऊ' एवढं सांगायची.

मग दवाखान्यात एक दिवस असं झालं. एका पेशंटला सकाळी उपाशीपोटी यायला सांगितलं होतं. मीच सांगितलं होतं, कागदावर लिहूनही दिलं होतं. तो चहा-बिस्किट खाऊन आला. डॉक्टर चिडले, तर त्याची बायको माझ्याकडं बोट करून म्हणाली, "त्या मॅडमनीच सांगितलं, चहा चालतोय." डॉक्टर सगळ्यांच्या देखत मला बोलले. कागद दाखवता आला असता. पण ती बाई इतकी घाबरलेली होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती, की माझ्या तोंडून आपोआप गेलं, "चुकलं सर." दुपारभर मला कामच सुचलं नाही. ती बाई निदान घाबरलेली तरी होती. मी फक्त लाजले होते, तेही अंथरलेल्या लुगड्याला आणि धपाट्यांना. त्या खोट्या लाजेपायी मी जे केलं, त्याची खरी लाज मला त्यानंतर रोज वाटत होती.

पुढच्या सुट्टीला मी निघाले. नवऱ्याला सगळं सांगितलं. फरशीच्या दांड्यांच्या खोलीत तिनं 'कुणाला सांगू नका' म्हटलं होतं, तेही. तो म्हणाला, "आता चार महिन्यांनी जाऊन काय होणार आहे?" सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे तिला." पोरीला घेऊन एसटीनं कऱ्हाड, तिथून साताऱ्याची गाडी. कंडक्टरनं पार्काच्या फाट्यावर उतरवलं.

गेटवर ती नव्हती. कुणाला विचारायचं तर नाव माहीत नाही. 'लहान बाळ असलेल्या' असं म्हणायला जीभ रेटेना. एवढंच म्हणाले, "चार महिन्यांपूर्वी इथं एक होत्या, उंच, कॉलरमध्ये मंगळसूत्र घालायच्या."

"ती व्हय? ती आता पार्किंगला असती."

पार्किंग म्हणजे उघडं माळरान. एक झाड नाही. तोंडाला स्कार्फ बांधून, हातात लाल झेंडी घेऊन ती गाड्या लावून घेत होती. मी जवळ गेले. काय बोलायचं ते एसटीत चार-पाचदा जुळवलं होतं, त्यातलं काही आठवेना.

"मी मागं आले होते. बाळाच्या पिशवीत..."

"वळखलं," ती म्हणाली.

"माझ्यामुळं तुम्हाला..."

"व्हय."

"माझं चुकलं. मी खोटं बोलले."

"खोटं कुटं बोलला?" तिनं स्कार्फ खाली केला. चेहरा उन्हानं रापला होता. "मीच म्हटलं हुतं की, कोपऱ्यात बसून खावा. बाळ बी हाय मला. खरंच बोलला तुमी. त्येचंच लय वाईट वाटलं."

मी रडायला लागले. तिनं काही मला थांबवलं नाही. एक गाडी आली, ती जाऊन लावून आली.

"मी साहेबांना जाऊन सांगते, की आम्हीच लपवलं होतं."

"नगा. आता कुटं गप झालंय. तुमी ग्येला की त्येला परत आठवंल." झेंडीच्या काठीनं ती जमीन टोकरत राहिली. मग म्हणाली, "माजं न्हाई काय, ऊन तर ऊन, काम ऱ्हायलं. पर माज्या शेजारची येक पोरगी लागणार हुती हितं. तिचं बी तान्हं हाय. मीच शब्द टाकला हुता. साहेब म्हणाले, न्हानं पोर असलेली बाई नगंच आता. तिला कामावर न घेताच माघारी लावली."

माझ्या कडेवरच्या पोरीकडं तिनं एकदा बघितलं. 'मोठी झाली' किंवा तसलं काही म्हणाली नाही, आणि तिनं म्हणावं असं मलाही वाटलं नाही. मागं हॉर्न वाजला. जाता जाता तिनं सांगितलं, "कऱ्हाडची गाडी पल्याडच्या बाजूला थांबती. हायवे वलांडू नका, पुलाखालनं जावा."

मी पुलाखालून पलीकडं गेले. गाडीला पाऊण तास लागला. पोरगी भुकेजली, तेव्हा रस्त्याकडं पाठ करून एका दगडावर बसून तिला पाजलं.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. सासूबाई दारातच बसल्या होत्या. त्यांनी पोरीला घेतलं.

"भेटली?"

"भेटली."

मी त्यांना सगळं सांगितलं. पार्किंगचं माळरान, ती काय म्हणाली, मी काय म्हणाले, शेजारच्या पोरीचं काम कसं गेलं. काही झाकलं नाही. 'बरं केलंस, जाऊन आलीस' असं त्या म्हणतील, याची मी वाट बघत होते. सासूबाईंनी पोरीला थोपटून झोपवलं.

"ती शेजारची पोरगी," मग त्या म्हणाल्या, "कुटल्या गावची, इचारलंस का?"

मी विचारलं नव्हतं.